विमानचालनातील स्वयंचालन व हस्तकौशल्य

विमान हवेत तोलून धरणे, ठरलेल्या मार्गाने, उंचीने व वेगाने नेणे आणि अखेरीस धावपट्टीवर उतरविणे ही कामे वैमानिकाच्या हातांऐवजी यंत्रणेकडून करून घेण्याच्या पद्धतीस विमानचालनातील स्वयंचालन असे म्हणतात. अशा यंत्रणेची मदत न घेता, क्षितिज व उपकरणे यांवर नजर ठेवून आणि नियंत्रक दांडा, सुकाणूची पेडले व इंजिनांच्या शक्तीचे नियंत्रक स्वतः हाताळून विमान चालविण्याची वैमानिकाची क्षमता म्हणजे हस्तकौशल्य होय. आधुनिक प्रवासी विमानांत उड्डाणानंतरची आणि अवतरणापूर्वीची काही मिनिटे सोडल्यास बाकीचा प्रवास बहुधा स्वयंचालकाच्या आधीन असतो. त्यामुळे विमानप्रवास अधिक सुरक्षित, काटकसरीचा व नियमित झाला, हे निर्विवाद आहे. तथापि यंत्रणा गोंधळते वा बंद पडते, तेव्हा एरवी क्वचितच वापरलेले कौशल्य वैमानिकाला काही सेकंदांत आणि तेही अवघड परिस्थितीत वापरावे लागते. हा विरोधाभास विसाव्या शतकाच्या अखेरीपासून विमान सुरक्षेच्या अभ्यासाचा एक प्रमुख विषय झाला आहे.

ऐतिहासिक आढावा : जहाजे स्थिर ठेवण्यासाठी घूर्णीचा उपयोग करणारे अमेरिकन संशोधक एल्मर स्पेरी यांनी तेच तत्त्व विमानास लागू केले. त्यांचे पुत्र लॉरेन्स स्पेरी यांनी १८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ सेन नदीवर भरलेल्या स्पर्धेत त्याचे प्रात्यक्षिक दाखविले. प्रेक्षकांसमोरून उडत जाताना त्यांनी दोन्ही हात वर केले आणि त्यांचा यांत्रिक सहकारी चालत्या विमानाच्या पंखावर गेला. तरीही घूर्णींच्या नियंत्रणामुळे विमानाचा तोल ढळला नाही. १९३३ मध्ये विली पोस्ट यांनी एकट्याने आठ दिवसांहून कमी काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती स्पेरी स्वयंचालकाच्या साहाय्याने. वैमानिकाला विश्रांती देणारा सहायक, असेच या यंत्राचे स्थान त्या काळी होते.

१९४७ मध्ये अमेरिकेच्या एका लष्करी विमानाने उड्डाणापासून अवतरणापर्यंत स्वयंचालकाच्या आधारे अटलांटिक महासागर ओलांडला. १९६५ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर ट्रायडेंट जातीचे विमान प्रवाशांसह स्वयंचलित पद्धतीने उतरविण्यात आले. दाट धुक्याने वारंवार बंद पडणारी ब्रिटनमधील विमानवाहतूक ही या संशोधनामागील प्रेरणा होती. पुढे संगणक लहान व विश्वासार्ह झाले आणि वैमानिक कक्षातील माणसे कमी होत गेली. दूरच्या सागरी प्रवासात पूर्वी दोन वैमानिकांखेरीज मार्गनिर्देशक, रेडिओचालक व उड्डाण अभियंता असत. १९८० नंतरच्या दशकात बोईंग ७५७ व ७६७ आणि एअरबस ए-३१० या विमानांपासून दोनच वैमानिकांचा कक्ष रूढ झाला. १९८८ मध्ये सेवेत आलेल्या एअरबस ए-३२० या विमानात वैमानिकाच्या हाताची हालचाल तारा व कप्प्या यांतून नव्हे, तर विद्युत् संदेशांच्या रूपाने संगणकामार्फत नियंत्रक पृष्ठांपर्यंत पोहोचते. अशा विमानात ‘हाताने’ चालविणे म्हणजेही वस्तुतः संगणकाला इच्छा कळविणे असते.

रचना व कार्य : स्वयंचालनाचे निरनिराळे थर एकावर एक रचलेले असतात. सर्वांत आतील थर विमानाचा तोल राखतो. घूर्णी किंवा लेसर किरणांवर चालणारी तत्सम साधने विमानाचा कल मोजतात. संगणक तो अपेक्षित कलाशी ताडून पाहतो आणि फरक पडताच मोटारींच्या किंवा द्रवचलित दट्ट्यांच्या द्वारे नियंत्रक पृष्ठे हलवितो. त्यावरील थर वैमानिकाने निवडलेली उंची, दिशा, चढण्या-उतरण्याचा वेग किंवा अवतरणासाठीची रेडिओ शलाका यांचे अनुसरण करतो. यांपैकी प्रत्येक कार्यपद्धतीला ‘मोड’ म्हणतात. इंजिनांची शक्ती आपोआप कमीजास्त करणारी यंत्रणा यांस जोडलेली असते. सर्वांत वरच्या थरात मार्गाचे व्यवस्थापन करणारा संगणक असून त्यात निघण्यापूर्वीच संपूर्ण प्रवासाचा आराखडा भरून ठेवतात. नियोजित मार्ग वैमानिकासमोरील पडद्यावर किरमिजी रंगाच्या रेषेने दिसतो. या रेषेमागे निमूटपणे जाणाऱ्या वैमानिकांना ‘किरमिजी रेषेची लेकरे’ अशा अर्थाचे नाव अमेरिकेतील एका विमानकंपनीच्या प्रशिक्षणवर्गात १९९७ मध्ये दिले गेले आणि ते जगभर रूढ झाले.

विद्युत् संदेशांवर चालणाऱ्या विमानांत याखेरीज संरक्षक मर्यादाही असतात. वैमानिकाने दांडा कितीही ओढला, तरी विमान ठरावीक मर्यादेपलीकडे कलू नये वा त्याचे नाक धोकादायक प्रमाणात वर जाऊ नये, अशी व्यवस्था संगणक करतो. मात्र ही व्यवस्था वेगमापक आदी उपकरणांकडून मिळणाऱ्या माहितीवर अवलंबून असते. ती माहिती परस्परविसंगत झाली की संगणक स्वयंचालक सोडून देतो, काही संरक्षक मर्यादा काढून घेतो आणि विमान वैमानिकाच्या हाती सोपवितो. म्हणजेच परिस्थिती सर्वांत संदिग्ध असते, नेमका त्याच वेळी माणसाला कारभार हाती घ्यावा लागतो.

लाभ : हाताने चालविलेल्या विमानापेक्षा स्वयंचालित विमान उंची व मार्ग अधिक काटेकोरपणे राखते, त्यामुळे इंधन वाचते. सु. २९,००० ते ४१,००० फुटांच्या दरम्यान दोन विमानांतील उभे अंतर पूर्वी २,००० फूट ठेवीत. ते १,००० फुटांवर आणणे शक्य झाले, ते अचूक उंचीमापक व उंची राखणारा स्वयंचालक यांच्यामुळेच. या पट्ट्यात स्वयंचालकाचा वापर सामान्यतः अपेक्षित असतो. हिवाळ्यात दिल्लीसारख्या विमानतळावर दाट धुके पडले असता धावपट्टी दिसत नाही. तेव्हा योग्य उपकरणे व प्रशिक्षित वैमानिक असल्यास स्वयंचलित अवतरण करतात. लांबच्या प्रवासातील थकवा टळतो आणि हवामान, इंधन व इतर विमानांची वाहतूक यांचा विचार करण्यास वैमानिकाला उसंत मिळते. स्वयंचालन असावे की नसावे, हा प्रश्न त्यामुळे उरलेला नाही. माणसाने त्यात कोणता वाटा उचलावा, एवढाच प्रश्न आहे.

अतिविश्वासाचे स्वरूप : अतिविश्वास म्हणजे आळस किंवा बेफिकिरी असा समज सर्वस्वी बरोबर नाही. त्याच्या मुळाशी मानवी मनाच्या तीन निरनिराळ्या मर्यादा आहेत.

(१) अवधानाचा क्षय : क्वचितच घडणाऱ्या घटनेची वाट पाहत दीर्घकाळ नजर रोखून बसणे माणसाला जमत नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी रडारवर पहारा करणाऱ्यांच्या संदर्भात केलेले प्रयोग १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. घड्याळासारख्या तबकडीवरील काटा एरवी एकेक टप्पा सरके व मधूनच दोन टप्पे उडी घेई. ती उडी ओळखावयाची होती. पहिल्या अर्ध्या तासानंतरच चुका लक्षणीय प्रमाणात वाढलेल्या आढळल्या. सहसा न चुकणाऱ्या यंत्रावर देखरेख ठेवणे हे याच जातीचे काम आहे. यंत्र जितके विश्वासार्ह, तितकी ही देखरेख ढिली पडते.

(२) मोडविषयीचा गोंधळ : यंत्रणा तिला दिलेल्या आज्ञेप्रमाणे बिनचूक चालत असते, परंतु वैमानिकाच्या मनात ती वेगळ्याच मोडमध्ये असते. शिवाय काही मोड विशिष्ट परिस्थितीत आपोआप बदलतात आणि त्याची सूचना पडद्यावरील लहानशा अक्षरांनीच मिळते.

(३) कौशल्याचा क्षय : ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ मध्ये स्वयंचालनाची विसंगती मार्मिकपणे मांडली. रचनाकार माणसाला चुका करणारा म्हणून बाजूस सारतो, पण स्वतःला स्वयंचालित करता न आलेली अवघड कामे त्याच्याच माथी ठेवतो आणि त्या कामांचा सराव मात्र काढून घेतो. हा विचार मुख्यतः कारखान्यांतील प्रक्रियांच्या संदर्भात मांडलेला असला, तरी विमानचालनास तो तंतोतंत लागू पडतो.

यांतील तिसऱ्या मर्यादेसंबंधी एक महत्त्वाचा भेद ध्यानात घेणे अवश्य आहे. स्टीफन कॅसनर व त्यांचे सहकारी यांनी १६ विमानकंपनी वैमानिकांची बोईंग ७४७-४०० विमानाच्या सिम्युलेटरमध्ये परीक्षा घेतली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. उपकरणांवर नजर फिरविणे व दांडा हाताळणे ही हाताडोळ्यांची कामे, थोडी गंजलेली असली तरी, बऱ्याच अंशी शाबूत होती. ढासळली होती ती विचारप्रधान कामे : नकाशाच्या पडद्याशिवाय आपले स्थान मनात धरणे, पुढील टप्पा कोणता हे ठरविणे आणि उपकरण बिघडल्याचे ओळखून तदनुसार वागणे. सायकल चालविण्यासारखे शारीरिक कौशल्य सहसा विसरले जात नाही. परंतु विमान या क्षणी कोठे आहे, कोणत्या स्थितीत आहे आणि यानंतर काय करील याचे मनातील सतत हलते चित्र रोजच्या सरावावाचून पुसट होते. प्रत्यक्ष अपघातांचा तपशीलही याच निष्कर्षास पुष्टी देतो.

काही प्रमुख अपघात : २९ डिसेंबर १९७२ रोजी रात्री अमेरिकेतील मायामीजवळ ट्रायस्टार जातीचे विमान दलदलीत कोसळून १७६ पैकी १०१ जण मृत्युमुखी पडले. पुढील चाक उघडल्याची खूण दाखविणारा दिवा लागला नाही, म्हणून कक्षातील सर्वांचे लक्ष त्या दिव्याकडे गुंतले. दरम्यान उंची राखणारा मोड नकळत सुटला आणि विमान संथपणे खाली येत राहिले. विमानात याखेरीज जीवघेणा असा कोणताही बिघाड नव्हता.

भारतातील महत्त्वाचे उदाहरण १४ फेब्रुवारी १९९० रोजीचे आहे. मुंबईहून बंगलोरला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ए-३२० विमान स्वच्छ हवामानात, भर दुपारी, धावपट्टीच्या अलीकडील गोल्फच्या मैदानावर आदळले आणि १४६ पैकी ९२ जण मरण पावले. ही विमाने कंपनीच्या ताफ्यात नुकतीच दाखल झाली होती. अवतरणाच्या अखेरच्या टप्प्यात यंत्रणा अशा मोडमध्ये होती, की त्यात इंजिने किमान शक्तीवर राहतात आणि वेग राखण्याचे काम विमानाच्या नाकाच्या कलावर सोपविलेले असते. उतरण्याचा वेग निवडण्याऐवजी उंचीचा आकडा फिरविला गेला असावा, असा तर्क करण्यात आला. दोन्ही वैमानिकांसमोरील मार्गदर्शक दर्शक बंद केले असते, तर इंजिनांची यंत्रणा आपोआप वेग राखण्याच्या मोडमध्ये गेली असती. परंतु एक बंद झाला व दुसरा चालूच राहिला. विमान नियोजित मार्गाच्या खाली जात होते आणि वेग अपेक्षित १३२ नॉटपेक्षा बराच उतरला होता. धोका ध्यानी येऊन पूर्ण शक्ती मागितली गेली, तेव्हा इंजिनांना वेग घेण्यास लागणारी सेकंदे उरली नव्हती. हाताने विमान उतरविणारा वैमानिक वेगमापकाकडे सवयीनेच वारंवार पाहतो. येथे वेग यंत्र सांभाळीत आहे, या गृहीतकाने ती सवयच झाकोळली गेली.

१ जून २००९ रोजी रिओ द जानेरोहून पॅरिसला जाणारे एअर फ्रान्सचे ए-३३० विमान अटलांटिक महासागरात कोसळले आणि त्यातील सर्व २२८ जण मृत्यू पावले. ध्वनिमुद्रक व माहितीमुद्रक दोन वर्षांनी सु. ३,९०० मी. खोल समुद्रतळावरून हाती आल्यावर घटनाक्रम उलगडला. ३५,००० फुटांवर, वादळी ढगांच्या प्रदेशात, हवेचा दाब घेणाऱ्या पिटो नळ्यांत हिमकण साठून वेगाची नोंद बिघडली. ही अडचण एका मिनिटाच्या आसपासच टिकली. परंतु तेवढ्यात स्वयंचालक व इंजिनांची स्वयंचलित यंत्रणा सुटली आणि काही संरक्षक मर्यादाही गेल्या. कप्तान विश्रांतीसाठी गेलेले होते. दांडा हाती असलेल्या सहवैमानिकाने विमानाचे नाक वर ओढले. विमान सु. ३८,००० फुटांपर्यंत चढून वेग गमावून बसले आणि स्टॉल झाले; म्हणजे पंख व समोरून येणारी हवा यांतील कोन इतका वाढला, की पंखांवरील प्रवाह विसकटून उत्थापक बल अपुरे पडू लागले.

स्टॉलमधून बाहेर पडण्याचा उपाय वैमानिकाला प्रारंभीच्या शिक्षणातच शिकवितात : नाक खाली करून तो कोन कमी करावयाचा. येथे धोक्याचा इशारा सलग ५४ सेकंद वाजत राहूनही बहुतांश वेळ दांडा मागेच ओढलेला राहिला. पुढे वेग इतका घटला, की संगणकाने ती माहितीच अग्राह्य ठरविली व इशारा थांबला. नाक खाली येताच तो पुन्हा वाजे. बरोबर कृतीला इशारा आणि चुकीच्या कृतीला शांतता, असा विपरीत संकेत त्यामुळे मिळत गेला. स्वयंचालक सुटल्यापासून पाण्यावर आदळेपर्यंत साडेचार मिनिटांहूनही कमी वेळ गेला. अधिक उंचीवर, वेगाची माहिती अविश्वसनीय असताना विमान हाताने चालविण्याचे प्रशिक्षण सहवैमानिकांना मिळालेले नव्हते, असे फ्रेंच अन्वेषण संस्थेने २०१२ च्या अंतिम अहवालात नमूद केले. नाकाचा कल व इंजिनांची शक्ती योग्य त्या प्रमाणात स्थिर ठेवली, तर वेगमापकावाचूनही विमान सुखरूप उडत राहते. हे प्राथमिक ज्ञान अडचणीच्या पहिल्या मिनिटात उपयोगात आले नाही.

६ जुलै २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे आशियाना कंपनीचे बोईंग ७७७ विमान धावपट्टीपुढील समुद्री भिंतीवर आदळले. ३०७ पैकी तिघे मरण पावले. उतरत्या मार्गाची रेडिओ शलाका त्या काळात बंद असल्याने नजरेच्या अंदाजाने उतरणे भाग होते आणि हवामान उत्तम होते. वैमानिकाने केलेल्या मोडच्या निवडीमुळे इंजिनांची स्वयंचलित यंत्रणा वेग राखीनाशी झाली होती, हे कक्षातील कोणाच्याही वेळीच ध्यानात आले नाही. बंगलोरच्या अपघाताशी असलेले याचे साम्य उघड आहे; मधल्या २३ वर्षांत यंत्रे सुधारली, पण वेगावरची नजर यंत्राच्या भरवशावर सुटण्याची शक्यता कायम राहिली.

दुसरी बाजू : प्रत्येक अपघाताचा दोष वैमानिकाच्या गंजलेल्या कौशल्यावर टाकणे अन्यायाचे होईल. बोईंग ७३७ मॅक्स जातीची दोन विमाने ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात व मार्च २०१९ मध्ये इथिओपियात कोसळून एकूण ३४६ जण मरण पावले. विमानाचे नाक आपोआप खाली ढकलणारी एक यंत्रणा एकाच संवेदकाच्या चुकीच्या माहितीवर पुनःपुन्हा चालत राहिली आणि पहिल्या अपघातापूर्वी तिची माहिती वैमानिकांच्या पुस्तिकेतही दिलेली नव्हती. जे यंत्र स्वतःचे अस्तित्व लपविते, त्यावर मात करण्याची अपेक्षा केवळ हस्तकौशल्याकडून करता येत नाही.

उलट, १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्क येथे पक्ष्यांच्या आघाताने दोन्ही इंजिनांची शक्ती गेलेले ए-३२० विमान हडसन नदीवर उतरविण्यात आले आणि सर्व १५५ जण वाचले. येथे निर्णय व हाताळणी माणसाची होती. पण कमी वेगातही विमान स्टॉल होऊ न देणाऱ्या संरक्षक मर्यादा त्याच्या पाठीशी होत्या. कुशल हात व चांगले यंत्र ही एकमेकांची प्रतिस्पर्धी नव्हेत, असे ही घटना दर्शविते.

कौशल्य टिकविण्याचे उपाय : एअर फ्रान्सच्या अपघातानंतर प्रशिक्षणाच्या पद्धतीत महत्त्वाचे बदल झाले. पूर्वी स्टॉलच्या सरावात उंची कमीत कमी गमावण्यावर भर असे, त्यामुळे शक्ती वाढवून नाक वरच धरण्याची प्रवृत्ती बळावे. आता प्रथम पंखाचा हवेशी असलेला कोन कमी करणे, मग उंचीचा विचार, असा क्रम शिकवितात. विमान असाधारण स्थितीत जाऊ न देणे व गेल्यास सावरणे यांच्या प्रशिक्षणाला आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने २०१४ पासून आपल्या मानकांत स्थान दिले. अमेरिकेने पूर्ण स्टॉलचा सिम्युलेटरमधील सराव २०१९ पासून विमानकंपनी वैमानिकांना आवश्यक केला.

सिम्युलेटरलाही मर्यादा आहेत. तेथे बिघाड होणार हे वैमानिकाला आधीच ठाऊक असते. त्यामुळे प्रत्यक्षातील दचक व गोंधळ यांचा अनुभव पुरता येत नाही. म्हणून नित्याच्या प्रवासातही संधी मिळेल तेव्हा हाताने विमान चालवावे, असा सल्ला अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने जानेवारी २०१३ मध्ये कंपन्यांना दिला. स्वच्छ हवामान, कमी वर्दळ व ताजातवाना वैमानिक अशी परिस्थिती असता उड्डाणानंतर काही हजार फुटांपर्यंत स्वयंचालक न जोडणे, अवतरणापूर्वी तो लवकर सोडणे आणि मधूनमधून इंजिनांची शक्तीही हाताने नियंत्रित करणे, असे या सरावाचे स्वरूप असते. अखेरची बाब विशेष मोलाची होय, कारण वेगावरची नजर तिच्यामुळेच जागी राहते.

यास आक्षेपही आहेत. हाताने चालविताना दुसऱ्या वैमानिकावरील देखरेखीचे व संदेशवहनाचे ओझे वाढते; गजबजलेल्या विमानतळावर लहानशी चूकही महागात पडते. प्रत्येक उड्डाणाची नोंद तपासली जात असल्याने, मर्यादा थोडी ओलांडली तरी जाब द्यावा लागेल या भीतीने वैमानिक स्वयंचालकच पसंत करतात. प्रवाशांसह केलेला सराव योग्य का, असाही प्रश्न विचारला जातो. परंतु हा धोका टाळल्याने नाहीसा होत नाही, तर पुढे ढकलला जातो. स्वच्छ दुपारी, दोघेही सावध असताना घेतलेला लहान धोका आणि काळोखात, वादळात, उपकरणे विसंगत असताना अचानक अंगावर येणारा मोठा धोका यांतून निवड करावयाची असते. कंपनीने सरावाच्या अटी स्पष्ट ठरवून दिल्या आणि प्रामाणिक चुकीला शिक्षेऐवजी शिकवणीचे स्वरूप दिले, तर पहिला धोका बराच कमी करता येतो. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१६ च्या अहवालात, देखरेखीची व हाताने चालविण्याची क्षमता अजमावण्याची पुरेशी पद्धत प्रशासनाकडे नाही, असा अभिप्राय दिला. त्यावरून सल्ला व अंमल यांतील अंतर ध्यानात येते.

कॅसनर यांच्या निष्कर्षानुसार केवळ दांडा हाती घेणे पुरेसे नाही. स्वयंचालक चालू असतानाही वैमानिकाने मनात विमान चालवीत राहावे लागते : यंत्र आता काय करीत आहे, पुढे काय करील आणि या क्षणी ते सुटले तर नाकाचा कल व इंजिनांची शक्ती किती ठेवावी, याचे उत्तर सदैव तयार असावे लागते. मोड बदलताच तो मोठ्याने उच्चारणे व जोडीदाराने पडद्यावर पाहून दुजोरा देणे, ही साधी शिस्त त्यासाठीच आहे. यंत्र अपेक्षेप्रमाणे वागत नसेल, तर त्याला नव्या आज्ञा देत बसण्याऐवजी स्वयंचालनाचा एकेक थर कमी करीत, जरूर तर सरळ हाताने विमान सावरावे, असेही शिकवितात. वैमानिकाचे काम स्वयंचालनाने कमी झाले असे दिसत असले, तरी त्याचे केवळ स्वरूप बदलले आहे. आणि बदललेल्या कामाचाही सराव पूर्वीच्या कामाइतकाच नियमित करावा लागतो.